बाबांचा जुना नोकिया ५२३३ चालू झाला, पण नेट चालत नाही. आणि नंबर कसे काढायचे?

चादरगल्ली
नमस्कार मंडळी. सोलापुरात नवी पेठेतलं दुकान रंगवायला काढलंय म्हणून कपाटं रिकामी करायलो होतो, त्यात बाबांचा जुना नोकिया ५२३३ सापडला. तोच तो, नखानं दाबायचा टचवाला. बॅटरी फुगून टम्म झाली होती, बीएल-५जे नवीन आणून घातली तर चक्क चालू झाला की बे. आता बाबा गुडघ्यांमुळं दुकानात येत नाहीत पण त्यांची सगळी जुनी गिऱ्हाईकं यात आहेत, आणि नावं कशी सेव्ह केलीत बघा: 'टॉवेल हैदराबाद', 'रंगवाला कुंभारी', 'उधारी विजापूर', 'उधारी विजापूर भाऊ'. वहीत यातलं काही नाही.
तर हे नंबर माझ्या आताच्या फोनमध्ये कसे आणायचे? दुसरं, माझं जिओचं सिम अडॅप्टर लावून घातलं तर रेंजच दाखवत नाही. भावाचं दुसऱ्या कंपनीचं घातलं तर फोन लागतो, पण वेबसाईट एक उघडेल तर शपथ. वायफाय शोधलं, तो ऑप्शनच सापडेना. आणि तिसरं, बाबा म्हणतात मी यावर रोज मराठी पेपर वाचायचो. खरंय का हे, का आमची फिरकी घ्यायलेत?

सातरस्ता_रिपेअर
वायफाय शोधू नका, ५२३३ ला वायफाय नाहीच. थ्रीजी पण नाही. याचाच भाऊ ५२३० होता त्याला थ्रीजी होतं, हा २०१० ला स्वस्तात आला तो थ्रीजी काढून. त्यामुळं यात नेट म्हणजे फक्त टूजीवरचं हळू नेट, ज्याला एज म्हणतात ते. जिओकडं टूजी नाहीच, २०१६ ला आले तेच थेट फोरजी घेऊन, म्हणून तुमच्या सिमला रेंज दिसायचा प्रश्नच नाही. भावाच्या कंपनीचं टूजी अजून चालू आहे म्हणून कॉल लागतोय.
आता वेबसाईट का उघडत नाही. बॅटरी काढून वर्षानुवर्षं पडलेला फोन, तारीख मागं गेलेली असणार, ती आधी बरोबर करा नाहीतर प्रत्येक ठिकाणी सर्टिफिकेटची बोंब मारतो. पण तारीख नीट केली तरी फार आशा ठेवू नका. आताच्या साईटी ज्या सुरक्षित कनेक्शनवर चालतात ते या ब्राउझरला येतच नाही, तो २०१० मध्येच अडकलेला आहे. फोन खराब नाही, समोरचा त्याच्याशी बोलायला तयार नाही.
नंबर सोपे आहेत. कॉन्टॅक्ट्समध्ये जा, ऑप्शन्समधून मार्क ऑल करा, मग सेंड, ब्लूटूथ. नवीन फोनला नाव-नंबरच्या व्हीसीएफ फाईल येतात, उघडल्या की सेव्ह. एकदम सगळे पाठवले तर मध्येच अडकतं, थोडे थोडे पाठवा. नाहीतर तिथंच कॉपी करून मेमरी कार्डवर टाका आणि कार्ड काढून कॉम्प्युटरला लावा. फोन सिक्युरिटी कोड मागत असेल तर १२३४५ टाकून बघा, बहुतेक लोक तो बदलतच नव्हते. चार्जर बारीक पिनचा लागेल, यूएसबीच्या भोकातून तो चार्ज होत नाही.

हुतात्मा_पासवाला
बाबा खरं बोलतायत. मी स्वतः हुतात्मा एक्सप्रेसला बसून रोज वाचायचो, ऑपेरा मिनीवर.
फोनमधल्या मूळच्या ब्राउझरवर मराठी म्हणजे नुसते चौकोन चौकोन दिसायचे, ओळीच्या ओळी. मग कुणीतरी सांगितलं की ऑपेरा मिनीमध्ये पत्त्याच्या जागी ऑपेरा:कॉन्फिग टाईप कर, एक लांबलचक पान उघडतं, त्यात पार खाली बिटमॅप फॉन्ट्स फॉर कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स असं काहीतरी असतं ते नो चं येस कर आणि सेव्ह कर. केलं, आणि पेपर उघडला तर मराठी! वेलांट्या काने मात्रे सगळे जागच्या जागी, माणूस अक्षरशः उडतो हो. आमच्या डब्यातल्या निम्म्या पासवाल्यांना मी ते करून दिलं असेल, लोक फोन हातात द्यायचे आणि आपण ऐटीत.
त्यात गंमत अशी होती की ऑपेरा मिनी पान थेट आणतच नव्हता. आधी ते पान त्यांच्या सर्व्हरवर उघडायचं, तिथं दाबून बारीक व्हायचं आणि मग आपल्या फोनवर. म्हणून त्या रडक्या एजवर पण चालायचं. बिटमॅप म्हणजे मराठी अक्षरं तिकडंच चित्र बनून यायची, त्यामुळं डेटा थोडा जास्त खायचा, पण वाचायला मिळतंय म्हटल्यावर कोण बघतो. फोटो बंद करून ठेवायचे. कुर्डुवाडीला पान लोड करून ठेवायचं आणि पुढं रेंज गेली तरी तेच वाचत बसायचं, अग्रलेख भिगवणपर्यंत पुरायचा. आणि मध्येच कुणाचा फोन आला की नेट थांबणार, कारण टूजीवर बोलणं आणि नेट एकदम व्हायचं नाही.

जुळे_सोलापूरकर
गोड गोड आठवणी चालू द्या, पण बॅलन्स कसा कापला जायचा ते पण सांगा की जरा. पॅक नसेल तर १० केबीला १० पैसे. ऐकायला किती स्वस्त. हिशोब करा, एका एमबीला दहा रुपयांच्या वर. आता तुम्ही चहा पिताना दोन रील बघता त्याचे तेव्हा शेकड्यात झाले असते.
आणि आमच्या आईचा साधा बटणांचा फोन होता, त्याच्या मधल्या बटणालाच नेट. पदराला खोचलेला फोन, बटण दाबलं जायचं, नेट चालू, पैसे गेले. रिचार्ज केला की संध्याकाळी आई विचारणार कुठं गेले रे पैसे. शेवटी मी नेटच्या सेटिंगमध्ये ॲक्सेस पॉईंटचं नाव मुद्दाम चुकीचं टाकून ठेवलं, मग कितीही दाबा, जोडलंच जात नाही. त्याशिवाय कॉलर ट्यून न मागता चालू, राशीभविष्य न मागता चालू, महिन्याला तीस रुपये. १५५२२३ हा नंबर मला अजून पाठ आहे, तिथं स्टॉप पाठवायचं. कंपनीचं नाव घेत नाही, सगळ्या एकाच माळेचे मणी.

दुधनीकर
सोलापूरवाल्यांचं बरं होतं ओ, तुमचं निदान एका राज्यात तरी भागायचं. आमच्या दुधनीला घरात मधल्या खोलीत महाराष्ट्र आन् माळवदावर गेलं की कर्नाटक. फोन आपोआप तिकडचा टॉवर पकडायचा आन् टिंग करून मेसेज, वेलकम टू कर्नाटक. झालं, रोमिंग सुरू. आलेल्या फोनला पण पैसे. घरात बसून परराज्यात!
मग सेटिंगमध्ये जाऊन ऑपरेटर सिलेक्शन मॅन्युअल करायचं, महाराष्ट्रवालं नेटवर्क धरून ठेवायचं. पण तसं केलं की आपला टॉवर लांब गेला तरी फोन दुसरा घ्यायचा नाही, नो सर्व्हिस दाखवत बसायचा. गाणगापूरला जाताना लोकं विसरायचे, दिवसभर घरचे फोन लावत बसायचे इकडून.
चादरगल्ली, तुमच्या बाबांचे विजापूरचे नंबर लागतील का बघा. पोर्टेबिलिटी, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय, जानेवारी २०११ ला देशभर आली खरी पण ती आपल्या सर्कलपुरतीच, म्हणजे मोबाईल कंपन्यांच्या विभागापुरतीच होती. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नंबर तसाच नेता यायला जुलै २०१५ उजाडलं. त्याच्या आधी महाराष्ट्राचं सिम घेऊन विजापूरला ऱ्हायला गेलेल्यानं ते फेकून तिकडचं घेतलं, नाहीतर कायम रोमिंग भरत बसला. माझ्या बहिणीचं लग्न विजापूरला झालं तिचा नंबर असाच गेला, आन् बँकेत मात्र जुनाच दिलेला.

चादरगल्ली
सगळ्यांचे आभार राव. नंबर आले! मार्क ऑल केलं तर खरंच अडकलं, मग थोडे थोडे केले. 'उधारी विजापूर' लावला तर लागला, माणसानं बाबांची तब्येत विचारली, गुडघ्याला कुठलं तेल लावायचं ते सांगितलं, उधारीचा विषय काही काढला नाही. 'भाऊ'वाला नंबर अस्तित्वात नाही म्हणतोय.
बाबांना ऑपेरा:कॉन्फिगचं वाचून दाखवलं तर म्हणाले ते मला नवी पेठेतल्याच एका मोबाईलवाल्या पोरानं करून दिलं होतं, पन्नास रुपये घेतले त्यानं. @हुतात्मा_पासवाला तुम्ही फुकट करायचा म्हणजे धंदा बुडवला म्हणा की त्यांचा.

जुळे_सोलापूरकर
पन्नास रुपये!! सेटिंगमधलं एक नो चं येस करायचे. @सातरस्ता_रिपेअर तुम्हीच नव्हे ना ते?

सातरस्ता_रिपेअर
मी सात रस्त्याला, नवी पेठेत नाही 😄 पण घेत होतो, खोटं कशाला बोलू. दुकानाचं भाडं असतं, आणि गिऱ्हाईक फक्त येस करायला येत नव्हतं, गाणी भरून द्या, पोराचा फोटो वॉलपेपरला लावा, मेसेज भरलेत ते डिलीट करा, सगळं त्याच पन्नासात. लोडशेडिंगमध्ये तर नुसता चार्जिंगला फोन ठेवून जायचे लोक, त्याचे कुणाकडून घेतले.
खरी गर्दी म्हणाल तर २००९ च्या नोव्हेंबरात. आयएमईआय, म्हणजे प्रत्येक फोनचा स्वतःचा ओळख नंबर, नसलेले चायना फोन ३० तारखेनंतर बंद होणार असं सरकारनं सांगितलं होतं. सोलापुरात चायना फोन किती होते ते मला विचारा, लूमवर काम करणाऱ्या प्रत्येकाच्या खिशात एक, दोन सिमचा, स्पीकर असला की लूमच्या खडखडाटात पण गाणं ऐकू यायचं. अधिकृत नंबर टाकून घ्यायला १९९ रुपये होते. लोक म्हणायचे फोनच दीड हजाराचा, त्यात दोनशे कसले घालू, आणि शेवटच्या दोन दिवसांत सगळे एकदम आले. रात्री शटर अर्धं ओढून काम करत होतो.
चादरगल्ली, ती फुगलेली बॅटरी अजून दुकानात ठेवली असेल तर आधी बाहेर काढा. रंगाचे डबे, थिनर असणार तिथं. कचऱ्यात पण टाकू नका, कुठल्याही मोबाईल दुकानात द्या.