मदत हवी आहे : अर्थिंग नसलेल्या घरात संगणकाच्या कॅबिनेटला झिणझिण्या

नमस्कार. हो ची मिन्ह सिटीतील आमच्या कार्यालयात हिशेब पाहणारा माझा व्हिएतनामी सहकारी तेथील ‘नात ताओ’ नावाच्या बाजारातून जुने सुटे भाग आणून घरी फाइली साठवण्यासाठी सर्व्हर जोडत आहे. तेथील अनेक जुन्या घरांप्रमाणे त्याच्या भाड्याच्या खोलीतही २२० व्होल्टची, दोनच पिनांची सॉकेट आहेत, अर्थिंग नाही. कॅबिनेटच्या स्क्रूला बोट लागले की झिणझिण्या येतात आणि कॅबिनेट व नळाचा लोखंडी पाइप यांच्यामध्ये मल्टिमीटर सुमारे ११० व्होल्ट दाखवतो. पॉवर सप्लायच्या फिल्टरमधील वाय कपॅसिटरमुळे (विजेच्या तारा आणि कॅबिनेटचा धातू यांच्यामध्ये जोडलेला छोटा भाग) जवळपास निम्मे व्होल्टेज धातूवर येते आणि त्यातून वाहणारा प्रवाह अत्यल्प असतो, हे मान्य. तरी घरात लहान मूल आहे.

अर्थची तार न्यूट्रललाच जोडण्याचा शेजाऱ्याचा सल्ला मी साफ धुडकावला, कारण न्यूट्रल तुटल्यास पूर्ण २२० व्होल्ट कॅबिनेटवर येतील. खोली चौथ्या मजल्यावर असून घरमालक भिंत फोडू देत नाही (त्याचेही बरोबरच आहे). अशा वेळी ३० मिलीअँपिअरचे आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारे उपकरण) पुरेसे संरक्षण देईल, की गच्चीवरून जमिनीपर्यंत स्वतंत्र तार उतरवावीच लागेल? आपल्याकडील जुन्या चाळींचे वायरिंग केलेल्या जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.