वण पाडणारं प्रथिन बंदच करून टाकावं का?

काहीलकाठ
तीन हंगामांमागं गुऱ्हाळात आधण उतरवताना काहिलीतली काकवी उजव्या कोपरावर उडाली. जखम भरली, पण कातडी आखडत गेली, आता हात पुरता सरळ होत नाही. थोडं वाचलं. टीजीएफ-बीटा नावाचं प्रथिन फायब्रोब्लास्ट पेशींना, म्हणजे ऊतकाचा सांगाडा विणणाऱ्या पेशींना, चिथावतं, त्यांच्या आवळणाऱ्या मायोफायब्रोब्लास्ट पेशी होतात आणि कोलॅजनचा, म्हणजे वणातल्या धाग्यासारख्या प्रथिनाचा, ढीग लावतात. हेच फुप्फुसात किंवा यकृतात झालं की फायब्रोसिस, म्हणजे अवयवाच्या आतच वण धरून तो ताठ होणं. माझं मत सरळ आहे: हे प्रथिन औषधानं बंद करा. वणावर सिलिकॉनच्या पट्ट्या किती दिवस चिकटवायच्या?

तालमीतला
भावा, मग जखम मिटणार कशानं? आमच्यात कान मोडला की आत रक्त साकळतं. वेळेत काढलं न्हाई तर तिथंच गाठ धरते, कान कायमचा घट्ट. कोल्हापूरच्या गंगावेश तालमीत बसून असले कान मोजत बस. शरीराला गाठ मारायची सवयच हाय. ती मोडायला गेलास तर दुसरंच काहीतरी उसवंल.

पेशीवाली
तालमीतले, उसवतंच. 1992 साली टीजीएफ-बीटा-1 चं, म्हणजे याच प्रथिनाच्या एका प्रकाराचं, जनुकच काढून टाकलेले उंदीर तयार केले होते. ते जन्मले, पण काही आठवड्यांतच अवयवोअवयवी दाह होऊन मेले. हे प्रथिन रोगप्रतिकारशक्तीला आवरून धरतं. कर्करोगाच्या सुरुवातीला पेशींच्या वाढीलाही लगाम घालतं. सगळीकडचं बंद करणं परवडणारं नाही.

पण काहीलकाठ यांच्या कोपराची मेख वेगळीच आहे. हे प्रथिन पेशीबाहेर कुलूपबंद अवस्थेत पडून असतं. इंटिग्रिन नावाची प्रथिनं ते कुलूप अक्षरशः ओढून उघडतात. भोवतालचं ऊतक जितकं ताठ, तितकी ओढ जास्त लागू पडते. मायोफायब्रोब्लास्टमध्ये स्नायूंत असतं तसलं अ‍ॅक्टिन असतं, त्यामुळं त्या कातडी आवळतात; आवळलेली कातडी ताठ होते, आणखी कुलपं उघडतात. साधी जखम मिटली की या पेशी मरून जातात. खोल भाजलेल्या जागी, त्यातून सांध्यावर, त्या ठाण मांडून बसतात.

काहीलकाठ
म्हणजे माझंच खरं झालं की! तिथल्या तिथं सुई मारा.

पेशीवाली
तसं करून झालंय. टीजीएफ-बीटा-3 हा त्याच प्रथिनाचा भाऊबंद, तो जखमेपाशी टोचला की प्राण्यांत वण कमी होत होता. माणसांत शेवटच्या टप्प्याची चाचणी 2011 साली फसली. फुप्फुसाच्या फायब्रोसिसवरची पिरफेनिडोन आणि निन्टेडानिब ही औषधं अमेरिकेत 2014 साली मंजूर झाली, पण ती आजाराचा वेग कमी करतात, झालेला वण पुसत नाहीत.

पंचगंगाकाठचा
वण पुसला जातच नाही हे मात्र मला पटत नाही. हिपॅटायटिस-सी चा विषाणू औषधानं गेला की पुष्कळांचं ताठ यकृत पुन्हा मऊ होतं. कोलॅजन कातरणारी एमएमपी प्रथिनं शरीरात असतातच. टिम्प नावाची प्रथिनं त्यांचा हात धरून ठेवतात. तुम्ही सगळे तयार करणाऱ्याच्या मागं लागलाय, कातरणाऱ्याकडं बघतंय कोण?

पेशीवाली
यकृतापुरतं मान्य. पण तिथं मूळ मार थांबलेला असतो. कोपर दिवसभर ताणलं जातं. काहीलकाठ, डॉक्टरांनी हात सरळ धरून ठेवणारी स्प्लिंट दिली नव्हती का?

काहीलकाठ
दिलेली. रात्री बांधून झोपायला सांगितलेलं. आठवड्याभरात काढून माळ्यावर टाकली. उसाच्या गाड्या दारात उभ्या होत्या, चुलवाण विझवून कोण बसतंय?