मदत हवी आहे: शेवॉमेगन-निकोलेमध्ये गर्दी टाळून हरणाची शिकार

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात शिकार करणारं कुणी आहे का इथे? (भारतात बंदी आहे, माहीत आहे. इथला रीतसर परवाना काढलाय.)

शेवॉमेगन-निकोले हे सरकारी जंगल सुमारे १५ लाख एकर, तरी गेल्या वर्षी पार्क फॉल्सजवळ पहिल्या दिवशी जिकडे बघावं तिकडे शिकाऱ्यांची नारिंगी जाकिटं! उजाडायच्या आत रस्त्याकडेची प्रत्येक मोकळी जागा गाड्यांनी भरलेली. हरीण एकही दिसलं नाही. यंदा ऑक्टोबरमध्ये जाऊन दलदलीच्या काठाने फिरलो. ताजे माग, झाडांवर शिंगं घासल्याच्या खुणा मिळाल्या, पण त्या रस्त्यापासून जेमतेम अर्ध्या मैलावर.

गुडघ्यामुळे दीड मैलापलीकडे हरीण ओढत आणणं जमणार नाही. एटीव्ही (जंगलात चालणारी छोटी चारचाकी) नाही, सोबतीला एकच मित्र. मॅडिसनहून जाणार, रजा तीनच दिवस. नरच हवा असं नाही. मादीचा परवाना त्या भागात मिळाला तर तीही चालेल.

बंदुकीचा नऊ दिवसांचा हंगाम थँक्सगिव्हिंगआधीच्या (नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारचा सण) शनिवारी उघडतो. लोकांच्या वर्दळीने हरणं उठतात म्हणून पहिले दिवसच धरावेत, मधले वार गाठावेत, की लगेच नंतरच्या ठासणीच्या बंदुकीच्या हंगामापर्यंत थांबावं? आणि गेट लावून गाड्या बंद केलेल्या जंगलवाटांवर गर्दी खरंच कमी असते का?