डोळ्याच्या पडद्याचा आजार आणि ऐकू कमी येणं, काही संबंध असतो का?

कासारवडवलीकर:
नमस्कार मंडळी, जरा लांबड लागेल, सांभाळून घ्या. आई ७४ वर्षांची. दोन वर्षांपूर्वी गॅलरीत बसल्या बसल्या म्हणाली, ग्रिलची सळई मधेच वाकलीये रे, वेल्डरला बोलव. मी हात फिरवून बघितला, एकदम सरळ. हसण्यावारी नेलं. मग काही दिवसांनी तिला दाराची चौकट पण वाकडी दिसायला लागली तेव्हा डोळ्याच्या डॉक्टरकडे नेलं, ओसीटी म्हणजे पडद्याचा स्कॅन केला, एआरएमडी निघाला, म्हणजे वयामुळे डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग खराब होतो तो आजार, उजव्या डोळ्यात वेट प्रकार. तेव्हापासून डोळ्यात इंजेक्शनं चालू आहेत.
आता दिवाळीपासून ऐकायचा घोळ सुरू झालाय. परवा भाजीवाल्याने साठ सांगितले तर हिने आठ रुपये मोजून दिले आणि वर त्यालाच म्हणते, नीट बोल की. मला पण सारखं तेच, तू तोंडातल्या तोंडात बोलतोस. मावशीने डोक्यात भरवलंय की इंजेक्शनांनी कानाच्या नसा सुकल्या, त्यामुळे आई पुढच्या इंजेक्शनला यायलाच तयार नाही. एका क्लिनिकमध्ये विचारलं तर तीन मिनिटांत 'वय झालं' म्हणून वाटेला लावलं. खरंच काही संबंध असतो का? कुणाच्या घरी असं झालंय का?

पाचपाखाडी_जुना:
आधी कानातला मळ बघून घ्या. आमच्या बाबांचं अर्ध बहिरेपण त्यातच निघालं. काडी घालू नका, ईएनटीकडूनच काढा.

नेरूळची_सून:
दादा, पहिलं म्हणजे इंजेक्शन चुकवू नका प्लीज. वेट प्रकारात पडद्याखाली नको त्या नवीन रक्तवाहिन्या वाढतात, त्यातून पाणी किंवा रक्त झिरपतं, आणि उशीर झाला की गेलेली नजर बहुतेक परत येत नाही. आणि ते औषध असतं केवढं, ०.०५ मिली, तेही डोळ्याच्या आत. माझ्या सासूबाईंची कितीतरी इंजेक्शनं झाली, कान त्याच्या आधीच गेले होते, फक्त आम्हाला कळलं नव्हतं.
आता ते का कळलं नव्हतं ते सांगते, कारण तुमच्याकडे पण हेच असणार असं वाटतंय. वयाने ऐकू कमी होतं तेव्हा आधी बारीक टिपेचे आवाज जातात, म्हणजे स, श, फ. जाड आवाज येत राहतात. म्हणून माणूस म्हणतो मला ऐकू येतं पण कळत नाही, तुम्ही पुटपुटता. तुमच्या भाजीवाल्याचं तेच झालं बघा, साठ मधला स गेला की उरतो आठ! पण इतकी वर्षं आपण ती गळलेली अक्षरं समोरच्याच्या ओठांवरून भरून काढत असतो, न कळत. एआरएमडीत नेमका नजरेचा मधला भाग जातो, म्हणजे ज्याच्याकडे बघाल त्याचाच चेहरा पुसट. ओठ दिसेनासे झाले की कानांचं सगळं पितळ उघडं. सासूबाई फोनवर गोंधळायच्या पण समोर बसून मस्त गप्पा मारायच्या, डोळे बिघडल्यावर समोरासमोर पण गोंधळायला लागल्या, आणि आम्ही म्हणत राहिलो की आई हल्ली लक्ष देत नाहीत. अजून वाईट वाटतं.
कानाचं मशीन घेताना एक बघा, सेलवालं घेऊ नका. आम्ही पहिलं घेतलं त्यात ३१२ नंबरचा सेल, ब्राऊन स्टिकरवाला, शर्टाच्या बटणापेक्षा लहान. मधलं दिसत नाही त्या बाईने तो कसा घालायचा? दोन वेळा ओट्यावर पडून थेट सिंकमध्ये. मग चार्जिंगवालं घेतलं, डबीत ठेवलं की झालं. उजव्याला लाल आणि डाव्याला निळी खूण असते ती पण त्यांना दिसेना, मग एकाला नेलपॉलिशचा जाड ठिपका दिला, बोटाला लागतो.

वाशी_सेक्टर९:
ताईंनी ओठांचं बरोबर सांगितलं, पण नुसतं तेवढंच नाही असं दिसतं. ऑस्ट्रेलियात सिडनीजवळ ब्लू माउंटन्स भागात १९९२ पासून वयस्क लोकांच्या डोळ्यांचा मोठा अभ्यास झाला, पुढे त्याच लोकांचे कान पण तपासले. २००६ मध्ये त्यांनी मांडलं की चष्मा लावून सुद्धा तक्त्यावरची एक ओळ कमी वाचता येत असेल तर ऐकू कमी येण्याचं प्रमाण १८ टक्क्यांनी जास्त सापडतं, आणि मोतीबिंदू आणि एआरएमडी दोन्हींचा कानांशी संबंध दिसला. अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या बीव्हर डॅमच्या अभ्यासात पण पुढच्या टप्प्यातल्या एआरएमडीबाबत असंच आलं होतं. पण याने ते होतं असं नाही हां, दोन्ही एकत्र सापडतात एवढंच. दोन्ही ठिकाणी अगदी बारीक रक्तवाहिन्यांवर चालणारं काम आहे, पडद्याच्या मागे पण आणि आतल्या कानात पण, त्यामुळे वय, सिगरेट, शुगर, बीपी यांचा मार दोघांना बसतो. आईंची शुगर कधी बघितलीत?
टेस्टचं नाव प्युअर टोन ऑडिओमेट्री, दुखत बिखत काही नाही, हेडफोन लावून बीप ऐकू आला की बटण दाबायचं. वांद्र्याला रेक्लमेशनला अली यावर जंग संस्था आहे, केंद्र सरकारची, तिथे होते, आणि उत्पन्न कमी असेल तर एडिप म्हणजे अपंगांना साधनं देणाऱ्या सरकारी योजनेत मशीनची सोय पण आहे. ठाण्याहून दादरला बदलून जायचं, फक्त सकाळच्या गर्दीत म्हातार्‍या माणसाला नेऊ नका.
तोपर्यंत घरात आधी नाव घेऊन हाक मारा मग बोला, ओरडू नका, ओरडून बारीक अक्षरं काही मोठी होत नाहीत. आणि खिडकीकडे पाठ करून बोलू नका, तुमचं तोंड अंधारात जातं. मिक्सर चालू असताना तर बोलूच नका, तिथे माझी बायको पण ऐकत नाही आणि तिचे कान शाबूत आहेत.

कासारवडवलीकर:
सगळ्यांचे खूप आभार. अपडेट देतो. उजव्या कानात खरंच मळ होता, पाचपाखाडीवाल्या काकांना मानलं. तो काढून टेस्ट केली तर दोन्ही कानांचा आलेख एकसारखा, कागदावर डावीकडे जाड आवाजांना बरा आणि उजवीकडे बारीक आवाजांना घसरगुंडीसारखा खाली, म्हणजे बारीक आवाजच गेलेत. शुगर बॉर्डरवर आहे. इंजेक्शन घेतलं एकदाचं, मावशीला अजून सांगितलेलं नाही. साठ-आठचं आईला समजावलं तर म्हणे, मग त्याला बावन्न रुपये द्यायचे राहिलेत, आधी ते देऊन ये.
शुक्रवारी चार्जिंगवालं मशीन ट्रायलला मिळणार आहे. ताई, ते नेलपॉलिश कुठे लावलंत?

नेरूळची_सून:
उजव्याला, आणि कानामागे जो फुगीर भाग बसतो त्याच्या खालच्या टोकाला. वर नको, आमच्या मशीनला वर माईकची भोकं होती, पहिल्या वेळी ती बुजवून ठेवली होती मी.