समुद्र वर आल्यानंतरचे निवांत दिवस : वाचणाऱ्यांचे, चित्रं काढणाऱ्यांचे अनुभव

अशिनानो हितोशी यांचा 'योकोहामा काइदाशी किको' हा मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, १९९४ ते २००६ या काळात 'आफ्टरनून' मासिकात आला, खंड १४. किनारे बुडालेत, माणसं विरळ झालीत आणि जपानमधल्या मिउरा द्वीपकल्पावर अल्फा ही यंत्रमानव मुलगी कॉफीचं दुकान चालवते. यातला निवांतपणा पानावर कसा टिकतो, कुठे निसटतो, ते लिहा. खाली तिघांची उत्तरं, ज्याच्या त्याच्या नावाखाली.

पानगळ
फोनवर वाचताना एकेक चौकट मोठी करून दाखवणारी सोय आधी बंद करा. या मांगात चौकटीचा आकार म्हणजेच वेळ. सगळ्या चौकटी पडद्याएवढ्या झाल्या की रुंद आकाश आणि कपाची कड सारखीच भासतात. टॅबलेट आडवा धरून दोन पानं शेजारी लावा, दिशा उजवीकडून डावीकडे. तरीही दोन पानांवर पसरलेलं जोडचित्र तुटत असेल तर मुखपृष्ठ पान म्हणून मोजलं गेलंय आणि जोड्या एकाने सरकल्यात. मुखपृष्ठ वेगळं ठेवा, क्षितिज जुळतं.

बोरूवाला
काढणाऱ्यांसाठी. मांगा काढायचा व्यावसायिक कागद बी४ आकाराचा, त्यावर चित्रं बसवायची आतली हद्द १८० × २७० मिमी. छापताना चित्र लहान होतं, म्हणून क्षितिजाजवळ दाटीने मारलेल्या रेषा चिकटून काळा पट्टा होतो. दूरच्या पाण्याला रेषा कमीच द्या. कोरा कागद जास्त खोल दिसतो. अबोल पानावर नजरेची जागा हलवू नका. तीन-चार चौकटींत एकच गोष्ट बदला: सावली सरकेल किंवा ढग पुढे जाईल. दोन गोष्टी बदलल्या की वाचक घटना शोधू लागतो.

पडझड काढताना बहुतेकांचं गंजापाशी चुकतं. समुद्रात उभा लोखंडी खांब बुडापासून सारखा गंजत नाही. भरतीच्या रेषेच्या जरा वर, जिथे लाटांचे शिंतोडे आणि हवा दोन्ही पोचतात, तिथे तो सर्वांत जास्त खाल्ला जातो. डांबरी रस्त्यावर गवतही आधी भेगांतून आणि कडेने येतं. एवढं पाळलं तर कोसळलेल्या इमारती काढाव्याच लागत नाहीत.

सावकाश
खंड क्रमानेच वाचा. गोष्टी सुट्या वाटतात, पण ताकाहिरो आणि माक्की ही गावातली मुलं हळूहळू मोठी होतात, अल्फा तशीच राहते. मधलाच खंड उचलला तर चेहऱ्यांतला हा फरक हाती लागत नाही. वादळात दुकान मोडतं, अल्फा प्रवासाला निघते, तो भागही गाळू नका. परतल्यावरचं तेच गाव त्याशिवाय ओळखू येत नाही.