‘मनुष्यबळ’ आणि ‘मानवी भांडवल’ एकच का?

प्रश्न : एका लेखात आधी ‘मनुष्यबळ’ आणि पुढे ‘मानवी भांडवल’ असं आलं आहे. अर्थ एकच का? शिवाय माणसाला भांडवल म्हणणं कानाला खटकतं.

उत्तर : एकच नाही. मनुष्यबळात आपण डोकी मोजतो. ‘दवाखान्यात मनुष्यबळ कमी आहे’ म्हणजे माणसं कमी आहेत. मानवी भांडवल म्हणजे त्या माणसांच्या अंगी असलेलं शिक्षण, कसब आणि आरोग्य. आधी खर्च करायचा, फळ बऱ्याच वर्षांनी, म्हणून ‘भांडवल’. लोकसंख्या तेवढीच राहूनही ते वाढतं.

खटकायला मराठीत कारणही आहे. ‘कुणाच्या दुःखाचं भांडवल करणं’ म्हणजे त्यातून आपला फायदा काढणं. इथे मात्र भांडवलाचा मालक तो माणूसच. त्याचं कसब त्याच्यापासून सोडवून विकता येत नाही. अमेरिकन अर्थतज्ज्ञ थिओडोर शुल्ट्झ यांनी १९६० मध्ये ही कल्पना मांडली तेव्हा माणसांत गुंतवणूक म्हणणं काहींना अपमानास्पद वाटतं, याची दखल घेऊनच ते पुढे गेले. १९७९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

दक्षिण कोरियाकडे पाहा. १९४५ मध्ये जपानी राजवट संपली तेव्हा तिथले बहुतेक प्रौढ निरक्षर होते. मध्ये युद्ध होऊनही १९५०चं दशक संपेपर्यंत जवळजवळ सगळी मुलं प्राथमिक शाळेत होती. मोठे कारखाने नंतर आले. पोहांगचा पोलाद कारखाना १९७३चा. कापडाकडून पोलाद आणि जहाजांकडे वळताना नवं काम शिकू शकणारे कामगार तयार होते. नुसत्या शाळांनी हे झालं नाही, जमीन सुधारणा आणि निर्यातीचं धोरणही होतं. पण शाळांवाचून ते धोरण राबवणार कोण? आणि शिक्षणाच्या खर्चाचा मोठा वाटा घरांनी उचलला. शेतकरी बैल विकून मुलांची फी भरत, म्हणून विद्यापीठाला ‘हस्तिदंती मनोरा’ऐवजी ‘बैलाच्या हाडांचा मनोरा’ म्हणू लागले. मला हा शब्द फार मोलाचा वाटतो. भांडवल कुणी घातलं, ते त्यात आहे.

प्रश्न : मग ‘मानव संसाधन’?

उत्तर : १९८५ मध्ये दिल्लीतल्या शिक्षण मंत्रालयाला हिंदीत ते नाव मिळालं, मराठी वृत्तपत्रांनी त्याचं ‘मनुष्यबळ विकास’ केलं. २०२० पासून ते पुन्हा शिक्षण मंत्रालय आहे. ‘मानव संसाधन’ कंपनीतल्या विभागापुरतं ठेवावं. शाळांवरच्या खर्चाबद्दल लिहिताना ‘मानवी भांडवलातली गुंतवणूक’ लिहा. ‘मनुष्यबळावरचा खर्च’ म्हटलं की लोक पगार समजतात.