विषय: भाच्याच्या छातीवरची गाठ, परवाचा नमुना (तातडीचे)

नमस्कार.
भाच्याच्या बरगडीवरची गाठ रविवारी फुटली आणि आता तिथून पू वाहतो आहे. पुण्यातील डॉक्टरांना फुफ्फुसातील ॲक्टिनोमायकोसिस (एक जंतुसंसर्ग) त्वचेपर्यंत आल्याची शंका आहे. परंतु मागच्या वेळी सगळा तुकडा फॉर्मालिनमध्ये (जंतू मारणाऱ्या द्रावणात) गेल्यामुळे कल्चर (जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी) करताच आले नाही. परवा सकाळी पुन्हा नमुना घेणार आहेत. ताईने प्रयोगशाळेला नेमके काय सांगावे?
– मावशी

नमस्कार.
आपल्याकडे मुलाच्या छातीतून पू आला की तो क्षयच असतो. माझा चुलतभाऊ क्षयाच्याच औषधांनी बरा झाला. नव्या नावांच्या मागे लागून उपचार लांबवू नयेत, अशी कळकळीची विनंती.
– माजी कार्यवाह

कार्यवाह काकांच्या पत्रापुरते लिहितो. क्षयाची शंका रास्त आहे आणि त्याची तपासणी अवश्य व्हावी. मात्र ॲक्टिनोमायकोसिसचा जंतूही फुफ्फुसातून बरगड्या ओलांडून त्वचेपर्यंत वाट काढतो, आणि क्षयाची औषधे हा त्याचा उपचार नव्हे. त्याला पेनिसिलिन लागते, आधी काही आठवडे शिरेतून आणि मग बहुधा सहा ते बारा महिने तोंडाने.
ताईंना सांगा, की कापसाच्या बोळ्यावर पुसून घेण्याऐवजी पू सिरिंजमध्ये ओढून घ्यावा, हवा काढून टाकावी आणि एक भाग फॉर्मालिनविना लगेच पोचवावा, कारण या जंतूला प्राणवायू सोसत नाही. पुवात पिवळे बारीक कण दिसल्यास ते वेगळे जपावेत. कल्चर किमान चौदा दिवस ठेवण्यास लेखी कळवावे, नाहीतर चार-पाच दिवसांत ‘वाढ नाही’ असा अहवाल हाती येतो. नोकार्डिया या दुसऱ्या जंतूचीही तपासणी मागावी. तो दिसायला सारखा, पण त्याचे औषध निराळे.
– सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेला सभासद

धाकटीला आजीकडे हलवावे का? ताई रात्रभर त्याच काळजीत होती.
– मावशी

मुळीच नाही. हा जंतू आपल्या सर्वांच्या तोंडात, हिरड्यांपाशी असतो आणि एकाकडून दुसऱ्याला लागत नाही. मात्र क्षय नाही हे ठरेपर्यंत तेवढी खबरदारी डॉक्टरांना विचारून घ्यावी. भाच्याचे दात मात्र दाखवून घ्या, किडका दात हे एक कारण असू शकते.
– सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेला सभासद

चौदा दिवसांचे मला ठाऊक नव्हते. प्रयोगशाळेला द्यायचे पत्र मी आत्ताच मराठीत लिहून ताईंना पाठवतो.
– माजी कार्यवाह